गंगाखेडचं गिऱ्हाण

गंगाखेडच्या त्या प्रवासाबद्दल मला घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, पुढे माझ्या विद्यार्थ्यांनीही कितीदा विचारलं आणि दरवेळी मी नावेची गोष्ट सांगून वेळ मारून नेली. गंगेच्या मधोमध नाव कशी गरगरली, आमचा गाडीवान मारोती कसा डोळे मिटून सगळ्या देवांची नावं घेत बसला आणि शेवटी पाणी कमरेइतकंच निघालं. लोक हसायचे. गोष्ट खरी आहे. पण तो प्रवास नावेपाशी संपला नव्हता आणि पुढचं सांगायचं मी आयुष्यभर टाळलं.

आता टाळणार नाही, कारण मला राग आला आहे. परवा सूर्यग्रहण झालं. घरात नातसून पोटुशी आहे. तिला आतल्या खोलीत बसवलं, खिडकीवर सतरंजी टाकली. पोरगी चांगली शिकलेली. तिनं "का?" म्हणून विचारलं. तर माझी सून तिला सांगते, "सरूआजीनं काय केलं होतं ठाऊक आहे ना? सगळ्यांनी नको म्हटलेलं असताना आपणहून उठून गिऱ्हाण बघितलं. मग काय झालं ते सगळ्या गावानं पाहिलं."

मी पलीकडच्या खोलीत खुर्चीवर होतो. कानांनी कमी ऐकू येतं, पण हा एक शब्द मला भिंतीपलीकडून ऐकू आला. आपणहून. हा शब्द या घरात मी आणला. सरूवैनी गेल्या, तो शब्द मात्र अजून जिवंत आहे आणि आता पुढच्या पोरीला भीती घालायला वापरला जातो आहे. तेव्हा तो प्रवास जसा झाला तसा लिहितो.

पिंगळी

निजामाचं राज्य होतं आणि बाहेर कुठेतरी मोठी लढाई चालू होती. आमचं घर पिंगळीला, शेती बरी. वडील लवकर गेले. घरात माय, थोरले दादा, दादांची बायको सरूवैनी आणि मी. परभणीच्या उर्दू शाळेतली शेवटची परीक्षा देऊन मी नुकताच घरी आलो होतो आणि घरात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही अशी माझी पक्की खात्री होती.

वैनींची आधीची दोन बाळंतपणं वाया गेली होती. या खेपेला मायनं पोखर्णीच्या नरसिंहाला नवस केला, सून स्वतः येऊन उंबऱ्याला डोकं टेकवेल म्हणून. पोखर्णी वैनींचं माहेर. त्यातच आषाढातल्या अवसेला सूर्यग्रहण आलं. मायनं ठरवलं, पोखर्णीला जायचंच आहे तर तसंच पुढे गंगाखेडला जाऊन गंगेत गिऱ्हाणाचं स्नान उरकावं. आमच्याकडे गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात. रेल्वेनं जाता आलं असतं, पण पर्वणीच्या गर्दीत पोटुशी सून चेंगरेल म्हणून गाडी जुंपली. सगळा बेत वैनींना जपण्यासाठी होता, हे ध्यानात ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशी मी एका फुटलेल्या तसबिरीची काच शोधून काढली आणि दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळली. सूर्य बघायला. मायनं विचारलं, "देवाच्या तसबिरीला काळं फासायलास?" मी म्हणालो, "देव कवाच निघून गेलाय, माय. निस्ती काच ऱ्हायली." तिनं मला लाटणं दाखवलं.

वाटेत काळ्या मातीचा चिखल चाकांना असा चिकटत होता की मारोतीला घडोघडी उतरून काठीनं तो खरवडावा लागायचा. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी ज्वारी, मधल्या पट्ट्यांत कापूस. दुपारी एका कडुलिंबाखाली शिदोरी सोडली. मी शिकवायला बसलो. एका हातात भाकरी धरली, दुसऱ्यात लिंबू.

"ही भाकर म्हंजे सूर्य. हे लिंबू म्हंजे चंद्र. लिंबू मधी आलं की भाकर दिसत न्हाई. झालं गिऱ्हाण. राहू न्हाई अन् केतू न्हाई."

"मंग लिंबू पिळा अन् भाकर खावा की, भाऊजी," वैनी म्हणाल्या. "चंद्र-सूर्य दोन्ही मार्गी लागतील."

माय चिडली. "शाळा शिकला अन् सूर्व्याला भाकर म्हणायला लागला. जीभ झडंल."

"बगू दे मला तुझा सूर्य," असं म्हणत दादांनी माझ्या हातातली भाकरी घेतली, मोडली आणि चार घासांत संपवली. "घ्या. खग्रास."

वैनी इतक्या हसल्या की मायला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. माय त्यांच्यावर जीव टाकायची. हेही लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की ती मुळातच वाईट होती. मुळात वाईट कुणीच नव्हतं आणि माझा खरा संताप त्याचाच आहे.

पोखर्णी

तिन्हीसांजेला पोचलो. वैनींचा थोरला भाऊ वेशीपर्यंत कंदील घेऊन आला होता. जेवायला येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची आमटी, अंबाडीची भाजी आणि गरम भाकरी. आमच्या घरी येसराला तिखट जास्त. इथे धने भाजून जास्त घातलेले, वास ओसरीपर्यंत येत होता. वैनींनी ताटात कालवताना मला सांगितलं, "बगा भाऊजी, येसर असं असतंय. तुमच्या घरी करत्यात ती शिक्षा हाय." माय ऐकत होती. तीही हसली.

सकाळी देवळात गेलो. गाभाऱ्याचं दार बुटकं, मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं. वैनींना पोटामुळे वाकवेना. माय आतून हात देतेय, भाऊ बाहेरून आधार देतोय आणि वैनी मधेच अडकून म्हणताहेत, "देवा, तूच बाहीर ये रे बाबा." अखेर त्यांनी बाहेरूनच उंबऱ्यावर डोकं टेकवलं. किती वेळ टेकवलं ते मी पाहिलं. उठल्या तेव्हा कपाळाला दगडाचा व्रण उठला होता आणि त्या हसत नव्हत्या. हे मूल त्यांना किती हवं होतं हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

गाडी जुंपली तेव्हा भाऊ माझ्याजवळ आला. "पाव्हणं, माय म्हातारी, दाजी घाटावर गेले की पाण्यातच ऱ्हातील. तुमी शिकलेले हाव. माझ्या बहिणीकडं ध्यान असू द्या. तुमच्या भरवशावर धाडायलोय."

"बेफिकीर ऱ्हावा," मी म्हणालो.

गंगाखेड

नावेची गोष्ट वर सांगितली, ती पुन्हा सांगत नाही. गाडी आणि बैल अलीकडच्या काठावर ठेवले. पलीकडे घाटाजवळच्या धर्मशाळेत एक खोली मिळाली. पुढे फरसबंद अंगण, अंगणात मोठा लिंब.

गावात माणूस मावत नव्हता. गंगा गढूळ, फुगलेली, काठाला फेस. आमच्या पिंगळीला गिऱ्हाणाच्या दिवशी गाभण गाईच्या शिंगांना गेरू लावतात. इथे तिच्या पोटावर शेणाचा पट्टा ओढलेला दिसला. वैनी म्हणाल्या, "गाईचं बरं हाय. पट्टा वढला की ती चरायला मोकळी. मला मात्र पाट."

पाट म्हणजे असा. सकाळी वेध लागायच्या आत मायनं त्यांना चार घास खायला लावले. मग खोलीत भिंतीला पाट टेकवला आणि त्यांना वर बसवलं. पाय सरळ, हात मांडीवर. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, अंग खाजवायचंसुद्धा नाही. दार लोटून माय आणि दादा घाटावर गेले. मारोती बैलांना बघायला नावेनं परत गाडीपाशी गेला होता. मीही घाटावर गेलो.

ढग होते, पण फाटत होते. सूर्याला एका बाजूनं घास लागला आणि घाटावरच्या सगळ्या माणसांतून एकच आवाज उठला. दादा छातीइतक्या पाण्यात जप करत होते. पायऱ्यांवर काही लोक परातीत हळदीचं पाणी घेऊन त्यात सूर्य शोधत होते. मशिदीकडून गिऱ्हाणाच्या नमाजाची हाक आली. बंदोबस्तावरच्या एका जवानानं माझ्याकडे काच मागितली, डोळ्याला लावली आणि "या अल्लाह" म्हणून लगेच परत केली. बाकी कुणी काचेकडे बघेना. मी म्हणायचो, "बघा, बघा, कसा स्पष्ट दिसतोय," आणि लोक पाण्यात बुडी मारायचे.

हे नीट सांगतो, कारण मूळ इथेच आहे. मला कुणीतरी प्रेक्षक हवा होता. मी मोठा सुधारक नव्हतो, अंधश्रद्धेशी लढत नव्हतो. मला कुणीतरी "वा, भाऊजी!" म्हणायला हवं होतं आणि तसं म्हणणारं एकच माणूस मला माहीत होतं. ते पाटावर बसलं होतं.

दार ढकललं. वैनी अंधारात ताठ बसलेल्या.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "माझं नाक खाजायलंय. मला बंदी हाय. तुमी खाजवा."

मी हसत हसत त्यांच्या नाकाला बोट लावलं. मग म्हणालो, "वैनी, चला. लय भारी दिसायलंय."

"नको."

"निस्ती सावली हाय ती. भाकर अन् लिंबू."

"ठाव हाय मला. पर नको भाऊजी. आत्याबाईंना कळलं तर?"

"त्या पाण्यात हाईत. एकदा बघा अन् येऊन बसा."

"दोन गेलेत माझे," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की मला ऐकू आलं नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो. मला ऐकू आलं होतं.

मी म्हणालो, "माझ्यावर इसवास न्हाई का?"

आणि मी हात पुढे केला. "उठा." त्यांनी हात धरला आणि उठल्या.

उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच त्या थबकल्या. काच अजून माझ्याच हातात होती. त्या खाली बघत होत्या. लिंबाच्या पानांतून उन्हाचे जे कवडसे एरवी गोल पडतात, ते सगळे चंद्रकोरीसारखे झाले होते. अंगणभर कोरीच कोरी, शेकडो, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून. वाऱ्यानं पानं हलली की सगळ्या एकदम हलायच्या. वैनी पुढे सरकल्या आणि त्या कोरी त्यांच्या लुगड्यावर आल्या, हातांवर आल्या, पोटावर आल्या.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "चंदरकोरीचं लुगडं."

मग मी काच दिली. सूर्याची बारीक कोर उरली होती. त्या बघत राहिल्या. मी ज्यासाठी आलो होतो ती दाद मिळाली: "भाऊजी, किती देखणं हाय हो. अन् आमाला कोंडून ठेवत्यात."

त्याच वेळी घाटाकडून दादांची हाक आली, कोरडं धोतर आण म्हणून. मी धोतर घेऊन धावलो. काच त्यांच्या हातातच राहिली. परत येतो तर माय ओल्या लुगड्यानिशी अंगणात उभी आणि वैनी काच हातात घेऊन तिच्यापुढे.

"कुणी उठिवलं तुला?" माय विचारत होती. वैनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मायनं मला विचारलं, "काच तुझी ना? हिच्या हातात कशी?"

"मी खोलीत ठिवली व्हती," मी म्हणालो. "घेतली असंल त्यांनी."

एवढंच. बोलणी टळावीत म्हणून. दिवसभर कुरकुर होईल, उद्या विसरतील असं वाटलं. वैनींनी काच मला परत दिली आणि पाटावर जाऊन बसल्या.

बाहेर "दे दान, सुटं गिऱ्हाण" असा पुकारा करत लोक फिरू लागले. सूर्य मोकळा झाला. सगळ्यांनी पुन्हा अंघोळी केल्या. ती दिव्यांची अवस होती. मायनं कणकेचे गोड दिवे उकडले, पेटवले आणि ओवाळले, पण वैनींशी बोलली नाही. दादांनी दोन्ही बाजूंनी चेष्टा करून पाहिली आणि सोडून दिली. मी पोटभर दिवे खाल्ले. भूक लागली होती.

परत

थंडीच्या सुरुवातीला मुलगा झाला. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला.

सुईणीनं बाहेर येऊन मायला हातानं आत बोलावलं. माय आत गेली आणि तिचा तो ओरडण्याचा आवाज मी अजून ऐकतो. पोराला ओढून पिता येईना. वैनी कापसाचा बोळा दुधात बुडवून थेंब थेंब त्याच्या घशात सोडायच्या, दिवसरात्र. ते पोर जगलं ते केवळ त्यामुळे. पण घरात कुणी म्हटलं नाही की हिनं पोर जगवलं. सगळे म्हणत होते, हिनं पोर बिघडवलं. गावात बारशाआधीच त्याचं नाव पडलं, गिऱ्हाण्या.

असा ओठ कशानं फाटतो हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. सावलीनं फाटत नाही एवढं ठाऊक होतं. तरी खरं सांगतो, एका रात्री मला वैनींच्या पोटावरच्या त्या हलणाऱ्या कोरी आठवल्या आणि मी, भाकरी-लिंबूवाला, घाबरलो. मला वाटलं, खरंच असेल तर? आणि खरं असेल तर ते मी केलं. त्या भीतीनं माझं तोंड शिवलं. मायच्या लाटण्याला न घाबरणारा मी, राहूला घाबरलो.

पोखर्णीहून भाऊ आला. ओसरीवर दादा, माय, गावातले दोघे जाणते बसले होते. वैनी दाराआड पोर घेऊन उभ्या. मायनं सगळं सांगितलं. भावानं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

"पाव्हणं, तुमी तिथं व्हता. तुमी शिकलेले. खरं काय ते तुमीच सांगा. ती कशी उठली?"

सगळे माझ्याकडे बघत होते. दाराआडून बोळ्यातलं दूध चोखायची धडपड ऐकू येत होती.

मी म्हणालो, "आपणहून."

भावानं मान खाली घातली. त्या दिवशी त्यानं बहिणीला आणि भाच्याला गाडीत बसवून नेलं. दादांनी पुढच्या उन्हाळ्यात दुसरं लग्न केलं. तेही मुळात वाईट नव्हते. अडवणारं कुणी नव्हतं, म्हणून केलं.

मला वैनींचाही राग यायचा. त्या का नाही बोलल्या? दाराबाहेर येऊन "भाऊजीनं उठिवलं" एवढं म्हणाल्या असत्या तर मी नाकारलं नसतं, असं मी स्वतःला सांगायचो. हाही खोटेपणाच. मी नाकारलं असतं. त्यांना ते कळत होतं, म्हणून त्या बोलल्या नाहीत.

निजामाचं राज्य गेलं. मी परभणीत मास्तर झालो. विज्ञान शिकवायचो! वर्गाच्या खिडक्या बंद करून, दिवा आणि चेंडू घेऊन गिऱ्हाण दाखवायचो आणि दरवर्षी ठासून सांगायचो की गिऱ्हाणानं पोटातल्या बाळाला काहीही होत नाही. पोरांनी विचारलं, "गुरुजी, असं ओठ फाटलेलं माणूस आमच्या गावात आहे, ते कशानं?" तर पुस्तकातलं उत्तर द्यायचो. ज्या एका घरात ते उत्तर द्यायला हवं होतं तिथे मी कधी तोंड उघडलं नाही. माय मरेपर्यंत गप्प राहिलो, दादा मरेपर्यंत गप्प राहिलो. माझ्या मुलांना ती गोष्ट मायनं सांगितली, मुलांनी सुनांना. मी ताटावर बसून ऐकत होतो.

मुलाचं नाव वैनींनी नरसिंग ठेवलं. मोठा झाल्यावर त्यानं मिशी राखली, शेती केली, लग्न केलं. त्याच्या पोरांचे आणि नातवंडांचे ओठ धड आहेत.

पोखर्णीला मी कितीदा तरी गेलो. दरवेळी एसटीत बसल्यावर वाक्य जुळवायचो, आणि दरवेळी देवळाला जाऊन, वैनींच्या हातचं येसर जेवून, हवापाण्याचं बोलून परत यायचो. शेवटचा गेलो तेव्हा त्या ओसरीवर वाकळेवर बसलेल्या होत्या, डोळ्यांनी फार दिसत नव्हतं. पुढे नरसिंगनं लावलेला लिंब होता.

"कोन? भाऊजी का? बसा."

मी बसलो. वाक्य तोंडाशी आलं होतं. त्याच बोलल्या.

"भाऊजी, एक इच्यारते. त्या गंगाखेडच्या कोरी तुमाला आठवत्यात का? लुगड्यावर पडल्या व्हत्या त्या? पुन्हा एकदा तसं गिऱ्हाण आलं व्हतं, मी ह्या लिंबाखाली जाऊन बसले. पर ढग व्हते. तसं पुन्हा न्हाई दिसलं. लय देखणं व्हतं बगा."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "हो, देखणं होतं." मग म्हणालो की शेवटची एसटी चुकेल. नरसिंगनं मला फाट्यापर्यंत सोडलं. त्यानंतर निरोप आला तो त्या गेल्याचाच.

परवा मी नातसुनेच्या खोलीत जाऊन खिडकीवरची सतरंजी ओढून काढली आणि घरातल्या सगळ्यांना बसवून हे सांगितलं. सून रडली, मुलगा म्हणाला, "बाबा, आता कशाला?" त्याच्यावर मी ओरडलो. पण ओरडून काय उपयोग. ऐकायला हवं होतं ते माणूस त्या खोलीत नव्हतं. पोखर्णीच्या त्या ओसरीवर बसून, एसटीत वर्षानुवर्षं घोकलेलं जे वाक्य मला म्हणायचं होतं, ते एवढंच होतं:

"वैनी, तुमी नको म्हणलात. हात धरून उठिवलं ते मी. मला माफ करा."